आपत्कालीन प्रतिसाद पथक, कारखान्यातील

आग, स्फोट, विषारी वायूची गळती किंवा रसायनाची सांडलवंड झाल्यास बाहेरची मदत पोहोचेपर्यंत परिस्थिती हाताळण्यासाठी कारखान्यातल्याच कामगार-कर्मचाऱ्यांतून निवडून तयार केलेला गट. कारखान्यांत त्याला सर्रास ‘ईआरटी’ म्हणतात. मोठ्या तेलशुद्धीकरण व खत प्रकल्पांची पूर्णवेळ अग्निशमन दले या नोंदीत धरलेली नाहीत. येथे मुख्यतः औद्योगिक वसाहतींतील रासायनिक कारखान्यांचा, त्यातही क्लोरीन हाताळणाऱ्यांचा, विचार केला आहे.

पार्श्वभूमी : मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाला आग लागली. जहाज जागीच बुडवायचे की बाहेर न्यायचे, हा हुकूम कोणी द्यायचा हे ठरेना; तेवढ्यात स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. घटना गोदीतली, कारखान्यातली नव्हे. तरी निर्णयाचा अधिकार कोणाकडे, हा तिने उभा केलेला प्रश्न प्रत्येक आपत्कालीन आराखड्याच्या पहिल्या पानावर असतो.

भोपाळमध्ये २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेटची गळती झाली. पाण्याचे फवारे वायू बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोहोचले नाहीत, आणि वस्तीला सावध करणारा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला, असे नोंदींवरून दिसते. ओले फडके नाकातोंडावर धरा, एवढी साधी सूचनाही आसपासच्या लोकांना वेळेवर मिळाली नाही. पथकांविषयीचे आजचे बहुतेक नियम या घटनेनंतरचे आहेत.

कायदेशीर आधार : कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ साली दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांचे ४-अ हे प्रकरण आले. कलम ४१-ब नुसार भोगवटादाराने कारखान्यापुरता आपत्कालीन आराखडा तयार करून तो कामगारांना व शेजारच्या वस्तीला माहीत करून द्यावा लागतो. घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीविषयीच्या १९८९ च्या नियमांत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असलेल्यांना या आराखड्याची दर सहा महिन्यांनी रंगीत तालीम घेणे बंधनकारक आहे; कारखान्याबाहेरच्या आराखड्याची वर्षातून एकदा. क्लोरीनसाठी ही मर्यादा १० टन आहे. म्हणजे ९०० किलोचे बारा भरलेले टोनर (क्लोरीनचे मोठे सिलिंडर) आवारात असले की नियम लागू होतो. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्ती गट नेमले. कारखाने अधिनियम आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन करण्यात आला आहे. महाराष्ट्रात अंमलबजावणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते.

रचना : आराखड्यात दोन अधिकारी ठळकपणे नेमलेले असतात. घटनास्थळ नियंत्रक जागेवर असतो आणि तो बहुधा त्या विभागाचा पाळीप्रमुख असतो. मुख्य नियंत्रक नियंत्रण कक्षात बसून बाहेरच्या यंत्रणांशी बोलतो. रात्री दोन वाजता मुख्य नियंत्रक घरी झोपलेला असतो. तो येईपर्यंत प्रकल्प बंद करण्याचा, भोंगा वाजवण्याचा आणि अग्निशमन दलाला फोन करण्याचा अधिकार पाळीप्रमुखाला लेखी दिलेला हवा. तसा तो दिलेला नसला, तर साहेबांचा फोन लागेपर्यंत सगळे थांबतात.

हाताखाली आग विझवणारे, गळती रोखणारे, सुटकेचे आणि प्रथमोपचाराचे असे गट असतात. याशिवाय फायर पंपाजवळ एक माणूस, वीज तोडण्यासाठी इलेक्ट्रिशियन, आणि गेटवरचे सुरक्षारक्षक. रक्षकांचे काम कागदावर किरकोळ वाटते. पण बंबाला वाट दाखवणे, हजेरीपट व गेटपासचे रजिस्टर घेऊन जमण्याच्या जागी पोहोचणे त्यांच्याकडेच असते. गणतीत हमखास सुटतात ते टँकरचे चालक आणि क्लीनर, कारण ते कोणत्याच हजेरीपटावर नसतात.

निवड व संख्या : एका पाळीत आठ जण लागत असतील तर आठ नावांची यादी पुरत नाही. तीन पाळ्या, साप्ताहिक सुटीची बदली पाळी, रजा, आजारपण धरले की चाळीसच्या आसपास तयार माणसे लागतात. नोटीस बोर्डावरच्या याद्या बहुधा जनरल पाळीतल्या नावांनी भरलेल्या आढळतात. ही या विषयातली सर्वांत जुनी खोट आहे.

प्लँटची पाइपलाइन पाठ असलेला फिटर किंवा ऑपरेटर हा दणकट शरीरयष्टीच्या पण नव्या माणसापेक्षा उपयोगी ठरतो. कोणता व्हॉल्व्ह कुठल्या मजल्यावर आहे हे धुरात शोधावे लागत नाही. वैद्यकीय तपासणी आवश्यक. दमा, हृदयविकार किंवा बंद जागेची भीती असलेल्यांना श्वसनयंत्राचे काम देत नाहीत. दाढी राखणाऱ्यांनाही देत नाहीत, कारण मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसत नाही.

प्रशिक्षण, श्वसनयंत्र : पाठीवर हवेचा सिलिंडर असलेले हे यंत्र कामगारांच्या तोंडी ‘बीए सेट’ आहे. सहा लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे १,८०० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर धरून पुस्तकात ४५ मिनिटे लिहिलेली असतात. जिना चढून, पाना फिरवताना, घाबरलेल्या अवस्थेत माणूस ६० लिटर आणि त्याहून जास्त ओढतो, आणि ४५ मिनिटांची तिशी होते किंवा तेवढीही राहत नाही. दाब ५०-५५ बारपर्यंत उतरला की शिट्टी वाजू लागते. तोवर माणूस परतीच्या वाटेवर असला पाहिजे. शिट्टी ऐकून निघायचे असे शिकवणे चुकीचे आहे. आत जाणारे दोघे, बाहेर तयारीत दोघे, आणि नाव, सिलिंडरचा दाब व आत शिरल्याची वेळ फळ्यावर लिहिणारा एक, असा परिपाठ असतो. सेट चढवण्यापूर्वी हवेच्या नळीवर तळवा दाबून श्वास ओढतात. मुखवटा गालांना चिकटून राहिला तर गळती नाही असे समजतात. ही चाचणी काही सेकंदांची असते आणि घाईत नेमकी तीच वगळली जाते.

प्रशिक्षण, क्लोरीन गळती : क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असल्यामुळे गटारे, खड्डे आणि तळघरांत साचतो. गळतीची जागा अमोनियाच्या वाफेने शोधतात. बाटलीचे तोंड सांध्याजवळ फिरवले की गळती असेल तिथे पांढरा दाट धूर उठतो. त्यानंतर पहिले काम टोनर फिरवण्याचे. द्रवरूप क्लोरीनच्या एका घनफळापासून साडेचारशेच्या वर घनफळ वायू होतो, म्हणून छिद्र द्रवाच्या बाजूला असेल तर टोनर गडगडवून ते वर आणतात. मग द्रवाऐवजी वायू सुटतो आणि गळतीचा जोर बराच उतरतो. पुढे गळती रोखण्याच्या किटमधले हूड, गॅस्केट आणि योक बसवून व्हॉल्व्ह झाकतात किंवा टोनरमधला क्लोरीन कॉस्टिकच्या द्रावणात सोडतात.

गळत्या टोनरवर पाणी मारायचे नाही, हे नव्या माणसाला पटवणे सर्वांत अवघड जाते, कारण आगीच्या प्रशिक्षणात तो उलटेच शिकलेला असतो. ओल्या क्लोरीनमधून तयार होणारी आम्ले पोलाद खातात आणि छिद्र मोठे होते. शिवाय पाण्याच्या उबेने द्रव जोरात उकळतो. वाऱ्याच्या खालच्या अंगाला पाण्याचा पडदा धरावा की नाही, याबाबत कार्यपद्धतींत एकवाक्यता नाही.

किटचा सराव रिकाम्या टोनरवर घेतात. उघड्या हातांनी पाच मिनिटांत बसणारे हूड जाड हातमोजे आणि मुखवटा चढवल्यावर कितीतरी जास्त वेळ घेते, म्हणून सराव पूर्ण पोशाखातच व्हावा. वर्षभर न उघडलेल्या किटमधले गॅस्केट कडक झालेले आणि पाना कुणीतरी दुसऱ्या कामाला नेलेला असणे दुर्मीळ नाही.

प्रशिक्षण, आग : हायड्रंट, ६३ मिलिमीटरची होज, फोम, हाताळता येणारी अग्निशामके. जेटची ब्रँच एकट्याने धरू नये.

जमण्याची जागा : किमान दोन असाव्यात आणि कोणत्या जागी जायचे ते वाऱ्यावरून ठरावे. किनाऱ्यालगतच्या वसाहतींत, उदाहरणार्थ तारापूर किंवा चेंबूर-माहुलला, दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री बहुधा जमिनीकडून. दुपारच्या तालमीत सुरक्षित ठरलेली जागा पहाटे वायूच्या वाटेत येऊ शकते. पावसाळ्यात चिंधी झालेला विंडसॉक बदलणे हे पथकाच्या कामांच्या यादीत सहसा नसते, असावे.

रंगीत तालीम : भोंग्याचे संकेत कारखान्यागणिक वेगळे आहेत, त्यामुळे शेजारच्या कारखान्यातून आलेला कंत्राटी कामगार हमखास गोंधळतो. तालमीत निरीक्षक वेळा टिपतात : पहिली सूचना, भोंगा, पथक जागेवर, शेवटचा माणूस जमण्याच्या जागी, गणती जुळणे. यांतली शेवटची नोंद सर्वांत बोलकी असते. अनेक तालमी आधी कळवून, सकाळी अकराच्या सुमारास, पाहुण्यांसमोर आणि कॅमेऱ्यासमोर होतात; अहवालात सर्व काही समाधानकारक असते. नियमाची पूर्तता त्याने होते. तिसऱ्या पाळीत, पूर्वसूचना न देता, पाळीप्रमुख ‘जखमी’ आहे असे गृहीत धरून घेतलेल्या तालमीत उणिवा निघतात. पूर्वसूचनेशिवायच्या तालमीत धावपळीने खराच अपघात होईल अशी भीती काही व्यवस्थापने व्यक्त करतात. ती सर्वस्वी निराधार नाही.

परस्पर साहाय्य : एका कारखान्याकडचे फोम आणि बीए सेट थोड्या वेळात संपतात. म्हणून ठाणे-बेलापूर, पाताळगंगा-रसायनी अशा पट्ट्यांत कारखान्यांनी एकत्र येऊन ‘मार्ग’ या नावाने ओळखले जाणारे साहाय्य गट उभे केले. कोणाकडे काय साहित्य आहे याची यादी ठेवणे आणि बोलावल्यावर माणसांसह ते पाठवणे, हे त्यांचे स्वरूप. यादी जुनी झाली की गटाचा उपयोग उरत नाही.

मर्यादा व मतभेद : गळती मिनिटांचा अवधी देते, रिॲक्टरमधील अनियंत्रित विक्रिया तोही देत नाही. डोंबिवली औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांत आजूबाजूच्या कारखान्यांना व घरांनाही झळ पोहोचली. अशा वेळी पथकाला करण्यासारखे काम स्फोटानंतरचे, म्हणजे शोध, सुटका आणि आग पसरू न देणे, एवढेच राहते.

सुरुवातीच्या आगीपलीकडे कामगारांनी झुंजावे का, याबद्दल दोन मते आहेत. उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात ३ सप्टेंबर २०१९ रोजी लागलेल्या आगीत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या अग्निशमन शाखेतील जवान मृत्युमुखी पडले. ते पूर्ण प्रशिक्षित होते. कंत्राटी कामगारांना पथकात घ्यावे का, हा प्रश्न बहुतेक आराखडे टाळतात. प्रत्यक्षात रात्रपाळीत त्यांचीच संख्या मोठी असते, आणि विमा व भत्ता यांविषयी स्पष्टता नसल्याने ठेकेदार आणि व्यवस्थापन एकमेकांकडे बोट दाखवतात.

संस्था : राष्ट्रीय सुरक्षा परिषद (स्थापना ४ मार्च १९६६), केंद्रीय श्रम संस्था, शीव, मुंबई, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, नागपूर.

वैद्यकीय प्रतिसाद : प्रथमोपचाराची पेटी, रुग्णवाहिका कक्ष आणि जवळच्या रुग्णालयाला रसायनाचे नाव आधी कळवणे.