विद्युतविलेपनाने नॅनोफट घडवणे

एखाद्या रेणूतून वीज कशी वाहते हे मोजायचे तर त्याच्या दोन्ही टोकांना धातू भिडलेला हवा, आणि असे रेणू बहुधा एक-दोन नॅनोमीटरच लांब असतात. इलेक्ट्रॉन शलाकेने चिपवर रेखलेल्या इलेक्ट्रोडांमधली फट खात्रीने इतकी अरुंद ठेवणे फार कठीण जाते. म्हणून ती आधी मुद्दाम रुंद ठेवायची आणि मग इलेक्ट्रोडांवर धातूचा मुलामा चढवत बुजवत आणायची. १९९९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मोरपुर्गो, मार्कस आणि रॉबिन्सन यांनी सोन्यावर सोने चढवून सुमारे एक नॅनोमीटरच्या फटी अशाच घडवल्या.

फट घडतानाच मोजली जाते, हे या पद्धतीचे खरे बळ. फॅरडेच्या नियमानुसार प्रभारावरून थराची जाडी काढता येते. सायनाइडच्या द्रावणातून सोने चढवताना दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक मिलिकूलंब प्रभार गेला की एक नॅनोमीटर थर बसतो. पण हे सरासरीचे गणित झाले. फट ठरते ती समोरासमोर सर्वांत पुढे आलेल्या दोन टोकांवरून, आणि त्यांची बातमी प्रभार देत नाही. ती टनेलिंगचा, म्हणजे अरुंद फट ओलांडून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा, प्रवाह देतो. तिसऱ्या इलेक्ट्रोडाच्या मदतीने सोने चढत असताना फटीच्या दोन्ही बाजूंच्या इलेक्ट्रोडांमध्ये काही मिलिव्होल्टांचा प्रत्यावर्ती दाब ठेवून वाहकता पाहत राहतात. फट रुंद असेपर्यंत ती जवळजवळ हलत नाही, मग झपाट्याने चढते. निर्वातात फट दशांश नॅनोमीटरने घटली तरी प्रवाह सुमारे दहापट होतो. द्रावणात ही चढण थोडी मंद असते. एका सुवर्ण-अणूचा सांधा जुळला की रोध सुमारे १३ किलोओहमवर येतो. मग सोने चढवणाऱ्या दाबाची दिशा उलटवावी, सोने विरघळते आणि फट पुन्हा उघडते.

द्रावणातील आयनांचा प्रवाहही मोजणीत मिसळतो, हा आक्षेप खरा आहे. मात्र दाब कमी ठेवला आणि टोक सोडून बाकीचा धातू विद्युतरोधक थराखाली झाकला, तर तो बराच आटोक्यात राहतो. शिवाय टनेलिंगसारखी घातांकी चढण त्याला नसते. प्रवाहावरून काढलेली रुंदी भूमितीतली रुंदी नव्हे, हेही मान्य करायला हवे. प्रयोगाला मात्र दरवेळी त्याच वाहकतेवर थांबता येणे अधिक मोलाचे आहे. सर्वांत गंभीर अडचण सोन्याचीच आहे. त्याचे पृष्ठस्थ अणू नेहमीच्या तापमानालाही सरकतात, त्यामुळे धुऊन-वाळवून झाल्यावर फट बदललेली असू शकते. म्हणून ती कोरडी झाल्यावर पुन्हा मोजावी, शक्य तर थंड ठेवावी. फट घडवण्याच्या दुसऱ्या एका, मोठा प्रवाह सोडून तार तोडण्याच्या पद्धतीत सोन्याचे कण फटीत उरून रेणूचा भास निर्माण करू शकतात. मुलाम्याच्या पद्धतीत तशी मोडतोड होत नाही, पण द्रावणाचा अवशेष राहू शकतो. तेव्हा रेणू न घातलेल्या फटींची मोजणी सोबत दिल्याखेरीज रेणूविषयीचा दावा स्वीकारू नये.