पाथरवटाच्या घरचा वाद्यवृंद

हंपीच्या विठ्ठल मंदिरातील नाद देणारे खांब आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. दगड गातो, ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. पण दगडांचेच वाद्य करून बापलेकांनी गावोगाव जलसे करावेत, हा प्रकार घडला तो एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात.

उत्तर इंग्लंडातील केझिक गावाजवळच्या स्किडॉ डोंगरात हॉर्नफेल्स नावाचा दगड सापडतो. भूगर्भातील शिलारसाच्या उष्णतेने पाटीचा दगड भाजून तो बनला आहे. ठोकला की घंटेसारखा वाजतो. पीटर क्रॉसथ्वेट या गृहस्थाने १७८५ साली असे दगड जमवून त्यांचे वाद्य केले होते. पुढे त्याच गावच्या जोसेफ रिचर्डसन नावाच्या पाथरवटाने ही कल्पना फार मोठ्या प्रमाणावर मनावर घेतली. १८२७ ते १८४०, अशी तेरा वर्षे तो दगड शोधत, आणत आणि घडवत राहिला.

काम सोपे नव्हते. जलतरंगात वाटीत पाणी घातले की स्वर उतरतो, काढले की चढतो. चुकले तर पुन्हा भरता येते. दगडाला ती सवलत नाही. लांबी कमी केली की स्वर चढतो, मधला भाग खालून तासला की उतरतो. दोन्हीकडून झिजतो तो दगडच. शिवाय तो सपाट टेकवला तर नाद कोंडतो. म्हणून दोन्ही टोकांकडून साधारण पाव हिस्सा सोडून त्याला मऊ आधार द्यावा लागतो. लहान दगड उंच स्वराचे, लांब दगड खर्जाचे, अशी ती भलीथोरली मांडणी होती.

मग रिचर्डसन आपल्या मुलांना घेऊन निघाला. एकाच वाद्यापुढे सारे उभे राहून हातोड्यांनी वाजवत. हँडेल, मोझार्ट यांच्या रचना आणि नाचाच्या चाली असा त्यांचा कार्यक्रम असे. पुढे त्यात पोलादी पट्ट्या आणि घंटाही आल्या. १८४८ साली बकिंगहॅम राजवाड्यात राणी व्हिक्टोरियापुढे त्यांचे वादन झाले.

अशा करमणुकीला विद्वान मंडळी ‘नवलाई’ म्हणून बाजूला सारतात. आपल्याकडेही संबळ किंवा हलगी वाजवणाऱ्या घराण्यांच्या वाट्याला दाद येते, पण इतिहासात जागा मिळत नाही. रिचर्डसनचे वाद्य १९१७ साली केझिकच्या संग्रहालयात आले आणि तिथे जपले गेले, म्हणून निदान त्याचे नाव उरले. दगड फोडणाऱ्या हातांना कानही असतो, याची ती साक्ष आहे. आपल्याकडच्या कितीतरी कानांची अशी साक्ष कुणी जपलेलीच नाही. ज्यांच्या घरी आजोबांचे एखादे वाद्य माळ्यावर पडून असेल, त्यांनी या दिवाळीत ते खाली काढून निदान पुसून ठेवावे.