उडणारा आणि झेलणारा

परवा गणपतीला बहीण घरी आली होती. तिचा मुलगा, माझा भाचा, वय वर्षे दहा, मोदक हातात घेऊन मोबाईलवर कुस्ती बघत बसला होता. आपली मातीतली नव्हे, ती चौकोनी रिंगणातली. एक मुखवटेधारी पठ्ठ्या वरच्या दोरावर चढला, हवेत कोलांटी घेतली आणि रिंगणाबाहेर उभ्या असलेल्या दोघांच्या अंगावर जाऊन आदळला. भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, हे खरं असतं की खोटं?"

प्रश्न जुनाच. मीही माझ्या बाबांना विचारला होता. पण उत्तर देताना जीभ अडखळली, आणि त्याला एक कारण आहे. ते शेवटी सांगतो. आधी या उडणाऱ्या कुस्तीचा थोडा इतिहास सांगू द्या. गेली काही वर्षं कचेरीतून आल्यावर मी याच विषयाच्या मागे लागलो आहे, आणि घरात ऐकायला कोणी तयार नाही!

या कुस्तीचं माहेर मेक्सिको. तिथे तिला 'लुचा लिब्रे' म्हणतात. आमच्या गोव्यातली पोर्तुगीज शिकलेली जुनी पिढी हे नाव लगेच ओळखेल. पोर्तुगीजमधलं 'लुता लिव्र' तेच हे, मोकळी कुस्ती. तिचा जनक साल्वादोर लुत्तेरोथ हा चक्क सरकारी नोकर होता, मालमत्ता करखात्यातला निरीक्षक. (आम्हा कारकुनांना अभिमान वाटावा अशी गोष्ट!) १९२९च्या सुमारास अमेरिकेच्या सरहद्दीवर नेमणूक असताना पलीकडच्या एल पासो शहरात त्याने धंदेवाईक कुस्त्या पाहिल्या आणि त्या वेडाने झपाटला. २१ सप्टेंबर १९३३ रोजी मेक्सिको सिटीत त्याच्या कंपनीचा पहिला खेळ झाला. पुढच्याच वर्षी एका अमेरिकन मल्लाला तिथल्या बूट शिवणाऱ्या कारागिराने चामड्याचा मुखवटा करून दिला, आणि तिथून ती मुखवट्यांची परंपरा सुरू झाली.

मुखवटेवाल्यांचा राजा म्हणजे एल सांतो. रुपेरी मुखवट्याचा हा मल्ल १९४२ साली त्या नावाने उतरला, पन्नासच्या वर चित्रपटांत झळकला, आणि फेब्रुवारी १९८४मध्ये वारला तेव्हा त्याला मुखवट्यासकट पुरलं. तिथल्या मल्लांचे दोन पक्ष असतात. नियमाने खेळणारे ते 'तेक्निको' आणि लबाडी करणारे ते 'रुदो'. पेडण्याकडच्या जत्रेत रात्र जागवून दशावतारी काला बघणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. संकासूर शेवटी मरणार हे त्या मांडवातल्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून कोणी उठून घरी जातं का?

पण मेक्सिकोची कुस्ती हवेत का गेली? याची काही कारणं अगदी साधी आहेत. अमेरिकेत धिप्पाड माणसाला मान, हलक्या वजनाचा मल्ल म्हणजे तोंडी लावणं. मेक्सिकोत मात्र मध्यम आणि हलक्या वजनगटांच्या किताबांना सुरुवातीपासून मोठी प्रतिष्ठा होती. हलका माणूस नायक झाला की त्याचं बळ वेगात आणि उडीत दिसणार. दुसरं कारण म्हणजे नियम. तिथे तीन विरुद्ध तीन असे सामने सर्रास होतात, आणि एक मल्ल रिंगणाबाहेर गेला की त्याच्या जोडीदाराला हाताला हात न लावताही आत येता येतं. त्यामुळे आत-बाहेर सतत ये-जा, आणि बाहेर पडलेल्याच्या मागोमाग उडी ओघानेच आली. छाती पुढे करून अंगावर झोकून द्यायचं ती 'प्लांचा'. दोरांच्या मधून डोकं पुढे काढून बाणासारखं बाहेर सुटायचं ते 'तोपे सुइसिदा'. या दुसऱ्या नावातच आत्मघात आहे. प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर बसून, पायांनी धरून त्याला उलटवायचा डाव उराकान रामिरेस या मल्लाच्या नावाने ओळखला जातो. इंग्रजी समालोचक त्यालाच 'हरिकेनराना' म्हणतात.

उडणं हा काही एकट्या मेक्सिकोचा मक्ता नव्हे, हेही सांगायला हवं. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आंतोनिनो रोक्का नावाचा, इटलीत जन्मलेला आणि अर्जेंटिनात वाढलेला मल्ल अनवाणी पायांनी उड्या मारून प्रेक्षागृहं भरवत होता. पण तिथे तो अपवाद होता, मेक्सिकोत ती रीत झाली.

आता मुख्य मुद्दा. आपण बघतो तो उडणारा. कॅमेराही त्याच्यावरच असतो. पण मेक्सिकोतले जाणकार खाली उभ्या असलेल्या माणसाकडेही तितकंच बघतात. त्याला ते 'बासे' म्हणतात, म्हणजे पाया. उडी घेणारा अंगावर येतो तेव्हा याने पळायचं नसतं, हात वर करून त्याचं धड आपल्यावर घ्यायचं असतं आणि त्याच्यासकट मागे कोसळायचं असतं. बघणाऱ्याला वाटतं हा चिरडला गेला. खरं तर त्याने समोरच्याची मान वाचवलेली असते. रामिरेसच्या त्या डावातही उलटणारा माणूस बऱ्याच अंशी स्वतःच योग्य वेळी कोलांटी घेतो. रिंगणाची जमीन म्हणजे पोलादी सांगाड्यावर लाकडी फळ्या, वर पातळ फोम आणि ताणलेलं कापड. हनुवटी छातीला टेकवून पाठ सपाट टाकली की आघात सगळ्या पाठीवर वाटला जातो. पण वाटला जातो, नाहीसा होत नाही. आणि रिंगणाबाहेर तर काँक्रीटवर पातळ गादी, तीही असली तर.

इथे मला आपला मल्लखांब आठवतो. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांशी त्याचं नाव जोडलं जातं. मल्लाने सरावासाठी वापरायचा खांब तो मल्लखांब. तिथे माणूस कितीही फिरला तरी खांब जागचा हलत नाही. या उडत्या कुस्तीत खांबाच्या जागी हाडामांसाचा माणूस उभा असतो, आणि त्याने हलायचं नाही हे त्याला स्वतः ठरवावं लागतं.

मेक्सिकोची ही विद्या जपानला पोचली आणि तिथे तिला वेगळंच पाणी चढलं. २३ एप्रिल १९८१ रोजी टोकियोच्या कुरामाए सभागृहात 'टायगर मास्क' उतरला. हे मूळचं एका गाजलेल्या चित्रकथेतलं पात्र. मुखवट्याआड होता सातोरू सायामा, शरीराने लहानखुरा, मेक्सिको आणि इंग्लंडमध्ये खेळून आलेला. चित्रातला नायक प्रत्यक्षात काय उतरणार म्हणून लोक हसायच्या तयारीत होते म्हणतात. सामना संपला तेव्हा सायामा देशाचा लाडका झालेला होता.

पण त्या रात्री त्याच्यासमोर कोण होतं? टॉम बिलिंग्टन ऊर्फ डायनामाइट किड, लँकेशायरचा अवघ्या बावीस वर्षांचा पोरगा. सायामाच्या प्रत्येक उडीला पाया याचा. तो अचूक जागी उभा राहिला, अचूक क्षणी कोसळला, म्हणून वाघ उडाला. स्वतःही तो तितकाच उडायचा, वरच्या दोरावरून डोकं पुढे करून झेपावणं हा त्याचा ठेवणीतला डाव. माणूस म्हणून तो काही आदर्श नव्हता, आणि उत्तेजक औषधं घेतल्याचं त्याने आत्मचरित्रात स्वतःच कबूल केलं आहे. १९८६मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. १९९७मध्ये डावा पाय निकामी होऊन तो चाकाच्या खुर्चीला खिळला. ५ डिसेंबर २०१८ रोजी, आपल्या साठाव्या वाढदिवशीच, तो गेला.

अमेरिकेतल्या धिप्पाडांच्या राज्यात हलक्या मल्लांना दार उघडलं ते १९९०च्या दशकात. डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीने मेक्सिको-जपानचे मल्ल आणून क्रूझरवेट गट उभा केला. त्यातला हिरा म्हणजे रे मिस्टेरिओ. उंची साडेपाच फुटांच्या आसपास, काकाकडे शिकून वयाच्या चौदाव्या वर्षी, १९८९मध्ये, मेक्सिकोत रिंगणात उतरलेला. जुलै १९९६मध्ये त्याने क्रूझरवेट किताब घेतला. आणि २ एप्रिल २००६ रोजी, रेसलमेनियात, त्याच्याहून कितीतरी थोराड अशा दोघांना हरवून जागतिक हेवीवेट किताब! निकाल ठरवलेला होता, मान्य. पण असा निकाल ठरवावासा वाटणं हीच केवढी मोठी गोष्ट. वीस वर्षांपूर्वी कोणी तो ठरवला नसता.

आता या उडण्याची किंमत. २२ ऑक्टोबर २००१. जपानचा हायाबुसा, म्हणजे ससाणा, खरं नाव एइजी एझाकी. मधल्या दोरावर पाय देऊन मागे कोलांटी घ्यायची, त्याने आधी कितीदा तरी केलेली उडी. त्या दिवशी पाय घसरला आणि तो डोक्यावर पडला. मान मोडली, शरीर लुळं पडलं. वय अवघं बत्तीस. पुढे तो गायला लागला, पुन्हा पायांवर उभं राहण्यासाठी वर्षानुवर्षं झटला, आणि मार्च २०१६मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने वारला.

२० मार्च २०१५च्या रात्री मेक्सिकोच्या तिहुआनामध्ये पेर्रो आग्वायो ज्युनियर एका डावानंतर दोरांवर वाकून निपचित पडला. मानेला जबर इजा झाली होती. पण काही क्षण कोणाच्या लक्षातच आलं नाही. सामना चालूच राहिला, कारण निपचित पडणं हा तर खेळाचाच भाग! थोड्या वेळाने तो मरण पावला. वय पस्तीस. समोरच्या बाजूला रे मिस्टेरिओ होता. त्यात कोणाचा दोष असं म्हणता येत नाही. पण मला हा प्रसंग फार छळतो. जिथे पडण्याचं सोंग करायचं असतं, तिथे खरं पडलेल्याला 'मी खरंच पडलो' हे सांगायची सोय उरत नाही.

ही कुस्ती की कसरत, हा वादही अधूनमधून पेटतो. मे २०१६मध्ये टोकियोत विल ऑस्प्रे आणि रिकोशे या दोघांनी असा काही सामना केला की त्याची चित्रफीत जगभर फिरली. वेडर नावाच्या जुन्या, अवाढव्य मल्लाने त्यावर टीका केली, ही कुस्ती नव्हे, जिम्नॅस्टिक्सचा बसवलेला कार्यक्रम आहे. गंमत म्हणजे हा वेडर स्वतः पावणेदोनशे किलोंच्या आसपासच्या देहानिशी वरच्या दोरावरून उलटी कोलांटी मारत असे! पुढे ऑगस्टमध्ये ऑस्प्रे आणि वेडर यांचाच लंडनला सामना झाला. म्हणजे वादाचाही खेळ झाला. असो.

आता ते अडखळण्याचं कारण.

साल १९९२ किंवा ९३. गावात केबल नुकती आली होती. आम्ही पोरं कुस्तीची पत्ते खेळायचो आणि रँडी सॅव्हेजवर आमची भक्ती. तो वरच्या दोरावरून कोपर रोखून उडी घ्यायचा. बाबा बघायचे आणि म्हणायचे, "हें सगळें फट." म्हणजे हे सगळं खोटं. खोटंच आहे तर मग आपल्यालाही जमेल, असा सरळ हिशेब आम्ही केला. शेजारचा माझा मित्र चिऱ्यांच्या गडग्यावर चढला, मी खाली पेंढा पसरून उभा राहिलो. ठरलं असं, की त्याने उडी घ्यायची, मी त्याला अंगावर घ्यायचं आणि दोघांनी पेंढ्यावर पडायचं. त्याने उडी घेतली. तो अंगावर येताना दिसला आणि मी बाजूला सरलो.

त्याचं मनगट मोडलं. ते आजही पुरतं वळत नाही, स्कूटर वळवताना तो खांदा तिरका करतो. वाड्यावर सगळ्यांनी गृहीत धरलं की त्याचा नेम चुकला. त्यालाही तसंच वाटलं. मी काहीच बोललो नाही. बाबा एवढंच म्हणाले, "हें सगळें फट, म्हूण सांगिल्लें न्ही तुका?"

लुचा लिब्रेबद्दल वाचता वाचता तो 'बासे' हा शब्द पहिल्यांदा समोर आला, तेव्हा मी वाचन थांबवून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो. रिंगणात दर रात्री कितीतरी माणसं ज्याला मोल नाही, टाळ्या नाहीत, असं एक काम करतात. अंगावर कोसळणाऱ्या माणसाखालून बाजूला सरत नाहीत. माझ्या हातून ते एकदाच करायचं होतं.

गणपतीच्या पाचव्या दिवशी, विसर्जनाहून परतताना, मी मित्राला सांगितलं. तीस वर्षांनी. तो चालता चालता थांबला. मग म्हणाला, "म्हणजे माझी उडी बरोबर होती?"

मी म्हटलं, "अगदी बरोबर होती."

तो हसला. कितीतरी वेळ हसत होता. माफ केलं असं काही म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

भाच्याला मात्र मी उत्तर देऊन टाकलं. कोण जिंकणार ते ठरलेलं असतं रे, पण पडणं खरं असतं. आणि झेलणं त्याहून खरं. त्याला कितपत कळलं देव जाणे. गडग्यावर चढू नकोस, एवढं मात्र दोनदा बजावून सांगितलं.