राजाचा माड आणि चोरीचं बी

मागच्या एका बैठकीत मी रिओ द जानेरोच्या राजमाडाची गोष्ट सांगितली होती. मंडळींना ती आवडली. पण ती अर्धीच होती, हे पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं. राहिलेली अर्धी इथे मांडतो.

नेपोलियनच्या फौजेला चुकवून पोर्तुगालचा दरबार १८०८ साली रिओला पोचला. म्हणजे १८२१ पर्यंत आपल्या गोव्याचं राज्यही तिथूनच चालत होतं! राज्यकर्ता दों जुआंव यानं त्याच वर्षी रिओतल्या नव्या बारूदखान्याशेजारी परदेशी झाडं रुजवण्यासाठी बाग काढली. १८०९ मध्ये लुईस द आब्रेव या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं मॉरिशसहून रोपं आणि बिया आणल्या. त्यातला एक माड जुआंवनं स्वतःच्या हातानं लावला, असं सांगतात. हाच तो राजमाड, रॉयस्टोनिया ओलेरेसिया. मूळचा कॅरिबियन बेटांचा आणि त्यालगतच्या किनाऱ्याचा. मॉरिशसला वळसा घालून तो पुन्हा दक्षिण अमेरिकेत आला.

पुढे माडाला फळं धरली. बी बाहेर जाऊ नये, राजाची शान राजाकडेच राहावी, म्हणून बागेचा संचालक सेर्पा ब्रांदांव दरवर्षी फळं उतरवून जाळून टाकी. पण रात्री गुलाम माडावर चढत आणि बिया चोरून विकत. ही बागेतली दंतकथा. कागदावर सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. एवढं मात्र खरं, की कॉफीच्या मळेवाल्यांनी वाड्यांपुढे याच माडांच्या रांगा लावल्या. त्या मळ्यांवर राबत होते गुलामच, थेट १८८८ पर्यंत.

मूळ माड १९७२ साली वीज पडून गेला. तेव्हा तो ३८ मीटरांहून उंच होता. माझी गोष्ट इथे संपली होती.

बी मात्र तिथे थांबलं नाही. या माडाची फळं सुपारीपेक्षाही लहान, काळसर जांभळी. अशी फळं पाखरं गिळतात आणि बी दूर नेऊन टाकतात. आपला भेर्ली माड कांडेचोर रानभर पसरवतो, तसलाच हा प्रकार. रिओजवळच्या इल्या ग्रांद बेटावर, जिथे १९९४ पर्यंत तुरुंग होता, त्या दोईस रिओस वस्तीत हौसेनं लावलेले राजमाड शेजारच्या रानात शिरले आहेत. त्या रानाचा स्वतःचा माड म्हणजे जुसारा. त्याचं बी टूकन पक्षी पेरतात. पण आतला कोवळा गाभा खाण्यासाठी तो इतका तोडला गेला, की कित्येक ठिकाणी दिसेनासा झाला.

मी इंजिनियर. पाणी अडवण्यात उमेद गेली. भिंत बांधली की झिरपा कुठून होईल ते आधी बघायचं, हे अंगवळणी पडलेलं. तरी इतिहास सांगताना मी बागेच्या भिंतीपाशीच थांबलो. रांगेतला माड वारसा आहे, तो जपावा. पण रानात उगवलेलं त्याचंच रोप उपटावं लागतं, आणि दोन्ही एकाच इतिहासाची पानं आहेत.

आपल्याकडच्या जुन्या बंगल्यांपुढचे रॉयल पाम बहुधा याच्या भाऊबंदांपैकी. पुढच्या फेरफटक्यात त्यांचे फोटो काढाच, पण कुंपणापलीकडच्या गटारातही वाकून बघा. रोपं दिसली तर मोजून आणा.