काटा आणि पट्टी

दीपनगरच्या वीजकेंद्रातील कामगाराला मल्टिमीटर ठाऊक आहे. पट्टी मोठी लावली, की एका व्होल्टला काटा थोडाच हलतो. मज्जापेशीचेही असेच आहे. १९२६ साली एड्रियन व झॉटरमन यांनी बेडकाच्या स्नायूवर दाखविले, की ताण कायम असूनही मज्जातंतूचे संदेश मंदावतात. १९९९ साली ट्रेंब्ले व शुल्ट्झ यांना माकडाच्या मेंदूत आढळले, की त्याच खाऊला पेशी देते तो प्रतिसाद सोबतच्या दुसऱ्या खाऊवर अवलंबून असतो. २००९ साली पादोआ-स्किओप्पा यांनी मोजून दाखविले, की मोलाचा पल्ला वाढला म्हणजे पेशीची संवेदनक्षमता त्या प्रमाणात घटते.

पगारवाढीचा आनंद ओसरला, की कामगाराला हावरा म्हणतात. तो हावरा नव्हे. पट्टी बदललेली असते. पण थोडक्यात भागविण्याची सवय झाली, म्हणजे पोट भरले असेही नव्हे! म्हणून मागणीपत्रात मी समाधान मोजीत नाही. डाळ, घरभाडे आणि शाळेची फी मोजतो.