बसणारा आणि चालणारा

सकाळी दहाच्या सुमारास ओमतीहून घंटाघराच्या रस्त्याला लागावे, म्हणजे जबलपूरच्या निम्म्या कचेऱ्या आपल्याबरोबर निघाल्या आहेत असा भास होतो. पूर्वी या कचेऱ्या पायी चालत जात, आता त्या वाहनांवर बसून जातात. माझे घर आणि माझी कचेरी यांत पायी वीस मिनिटांचे अंतर आहे, आणि ते मी कित्येक वर्षे स्कूटरवर बसूनच काटले. बसून जावयाचे, बसून फायली पाहावयाच्या, बसून परत यावयाचे आणि मग विश्रांती म्हणून पुन्हा बसावयाचे, असा हा क्रम. सरकारी नोकराला ‘आसनस्थ’ हे विशेषण जितके शोभते, तितके दुसरे कोणतेही शोभत नसावे.

माझे आजोबा टपालखात्यात होते. खांद्याला थैली अडकवून ते पत्रे वाटीत, आणि ऐंशी वर्षे उलटल्यावर गेले. वडील त्याच खात्यात हिशेबाच्या टेबलाशी बसत. छप्पन्नाव्या वर्षी, पहाटे, छातीत कळ येऊन ते गेले. घरात याची एकच मीमांसा होत असे: जुन्या माणसांचा पिंडच वेगळा! ही मीमांसा मला कधी पटली नाही. परंतु तिच्या जागी दुसरी कोणती ठेवावी हेही ठाऊक नव्हते. पुढे इतिहासाच्या ओढीने जुनी वैद्यकीय कागदपत्रे चाळताना कळले, की हाच प्रश्न एका इंग्रज संशोधकाने फार मोठ्या प्रमाणावर विचारला होता, आणि त्याच्या तपासणीत टपालवाले आणि कारकून हे दोघेही होते. त्या शोधाची हकीकत आज सांगावयाची आहे.

व्यायाम हितकर आहे, हे आपल्याला पश्चिमेकडून शिकावे लागले असे मुळीच नाही. सुश्रुताने व्यायामाचे गुण सांगितले, आणि तो अर्ध्या बळानेच करावा अशी मर्यादाही घातली. प्रमेहाच्या निर्धन रोग्याने गावोगाव भिक्षा मागत शंभर योजने पायी चालावे किंवा विहीर खणावी, असा त्याचा उपचार आहे. महाराष्ट्रात मारुतीच्या देवळाशेजारी तालीम असावयाचीच. १९१४ साली अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले, आणि १९५१ साली ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. परंतु या साऱ्या परंपरेचा आधार अनुभव आणि श्रद्धा हा होता. व्यायामाने शरीर बळकट होते, एवढे सर्वांना दिसत होते. तो हृदयरोगापासून वाचवितो काय, हे मोजून पाहण्याची रीतच अद्याप जन्मली नव्हती.

पाश्चात्य वैद्यकाची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. हृदयशूलाचे पहिले तपशीलवार वर्णन विल्यम हेबरडन या इंग्रज वैद्याने १७७२ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या एका रोग्याने रोज अर्धा तास लाकूड कापण्याचा नेम धरला आणि तो जवळजवळ बरा झाला, अशी नोंद त्याच्याच लिखाणात आहे. ती नोंद दीडशे वर्षांहून अधिक काळ तशीच पडून राहिली. उलट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवीत. १९५२ मध्ये लेव्हाइन आणि लाऊन या अमेरिकन डॉक्टरांनी अशा रोग्यांना लवकरच खुर्चीत बसविण्यास आरंभ केला, तेव्हा ते मोठे धाडस वाटले. ‘हृदय दुखावले आहे, त्याला श्रम नकोत’ हा विचार इतका सरळ दिसतो, की त्याच्याविषयी शंका घेण्यास धैर्यच हवे.

अशी शंका घेणारा मनुष्य म्हणजे जेरेमी मॉरिस. १९१० साली जन्मलेले मॉरिस ग्लासगोत वाढले. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याचे डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात होते. युद्धानंतर, १९४८ मध्ये, सामाजिक वैद्यकाच्या संशोधनासाठी लंडनमध्ये एक विभाग निघाला, त्याची धुरा त्यांच्याकडे आली. हृदयविकाराने मध्यम वयाची माणसे वाढत्या संख्येने मरत होती, आणि कारण कोणालाच सांगता येत नव्हते. मॉरिस यांनी ठरविले, की रोग्याच्या खाटेशी न बसता त्याच्या धंद्याकडे पाहावे.

लंडनच्या दुमजली बस त्यांना या कामी उपयोगी पडल्या. मुंबईतील दुमजली बस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. एकाच गाडीत दोन माणसे नोकरी करतात. चालक सारा वेळ आपल्या जागी बसलेला. वाहक मात्र तिकिटे देण्यासाठी जिना चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या. दोघांची खाती एक, वस्ती सारखी, सामाजिक थर एक. फरक तो हालचालीचा. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे एकतीस हजार वाहतूक कामगारांच्या नोंदी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. वाहकांमध्ये हृदयविकार कमी, तो होई तोही उशिरा, आणि झाला तर सौम्य, असे आढळले. टपालखात्यात तोच प्रकार: पत्रे वाटीत हिंडणारे एका बाजूस, टेबलाशी बसणारे कारकून आणि टेलिफोनवाले दुसऱ्या बाजूस. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५३ च्या नोव्हेंबरात दोन भागांत प्रसिद्ध झाले.

मात्र या हकीकतीत मला सर्वांत आदरणीय वाटतो तो तिचा पुढचा भाग. यशस्वी संशोधक सामान्यतः आपल्या सिद्धांताची तटबंदी करू लागतो. मॉरिस यांनी स्वतःच तीत खिंडार शोधले. वाहकाचे हृदय जिन्यामुळे सुदृढ राहते, की मुळातच सुदृढ असलेला मनुष्य वाहक होतो? याचा छडा लावण्यासाठी त्यांनी गणवेशाच्या नोंदी मागविल्या. गणवेश शिवावयाचा म्हणजे कंबरेचे माप आलेच. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत चालकांच्या विजारी वाहकांपेक्षा कंबरेला रुंद असल्याचे दिसले. आणि हा फरक तरुण वयातील नोकरांतही होता. म्हणजे सारे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. शिंप्याच्या वहीतून शास्त्रीय शंका काढणाऱ्या या माणसाला शतशः धन्यवाद द्यावेत.

मग नोकरी एकच आणि फुरसत निराळी अशी माणसे हवी होती. ती त्यांना सरकारी कचेऱ्यांत सापडली! १९६८ ते १९७० या काळात मधल्या दर्जाच्या सुमारे सतरा हजार ब्रिटिश सरकारी नोकरांना, सोमवारी सकाळी, पूर्वसूचना न देता, एक कागद देण्यात आला. मागील शुक्रवारी आणि शनिवारी आपण काय काय केले, हे त्यांनी लिहावयाचे होते. १९७३ मध्ये निष्पन्न असे निघाले, की फावल्या वेळात जोरकस व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे एकतृतीयांश होता. खुर्ची सर्वांची तीच होती. फरक पडला तो खुर्चीतून उठल्यानंतरच्या वागण्याने.

अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर यांनी हाच धागा पुढे नेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीतील सहा हजारांहून अधिक हमालांचा बावीस वर्षांचा इतिहास त्यांनी पाहिला, आणि जड काम करणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे असल्याचे १९७५ मध्ये दाखविले. हार्वर्ड विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांविषयी १९७८ साली आलेला त्यांचा निष्कर्ष तर आपल्या ‘आमच्या वेळी’वाल्या मंडळींनी मनाशी कोरून ठेवावा असा आहे. महाविद्यालयात मैदान गाजविणारे, परंतु पुढे स्वस्थ बसलेले लोक सुरक्षित राहिले नाहीत. त्या वयात न खेळलेले, पण नंतर हालचाल करू लागलेले मात्र राहिले. व्यायामाची पुंजी पेढीत साठत नाही. ती रोजची रोज मिळवावी लागते.

आपल्या देशाचा अनुभव काय सांगतो? जबलपूर हे रेल्वेचे शहर. म्हणून पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. मल्होत्रा यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा उल्लेख येथे अगत्याचा आहे. साडेअकरा लाख रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून त्यांनी दाखविले, की हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पंजाबपेक्षा दक्षिणेत सुमारे सातपट आहे. त्यांनी बोट दाखविले ते आहाराकडे. हृदयरोगाचे मूळ एकच नाही, हा धडा यातून घ्यावयाचा. परंतु श्रमाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. २००४ मध्ये दिल्ली आणि बंगळूर येथील रुग्णालयांत साडेतीनशे रोगी आणि सातशे इतर माणसे यांची तुलना झाली. रोज सुमारे छत्तीस मिनिटे झपाट्याने चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांत धोका निम्म्याहून कमी आढळला. फावला वेळ तासन् तास बसून काढणाऱ्यांत तो वाढलेला दिसला. आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत, जीत महाराष्ट्रही होता, निम्म्याहून अधिक लोक निष्क्रिय ठरले.

हे घडते कसे, तेही थोडक्यात सांगतो. चालणाऱ्या स्नायूंना रक्त हवे असते; ते पुरविता पुरविता हृदय काटकसरीने काम करावयास शिकते. रक्तदाब उतरतो, रक्तातील साखर स्नायूंच्या कामी येते, रक्तवाहिन्यांचा लवचिकपणा टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रम सांगितले आहेत. घर ते कचेरी आणि परत, हे माझे पायी अंतर पाच दिवसांत दोनशे मिनिटांचे होते! अर्थात ज्याच्या छातीत चालताना दुखते, त्याने आधी डॉक्टरांना दाखवावे. सुश्रुताची अर्ध्या बळाची मर्यादा विसरू नये.

मॉरिस २००९ साली नव्व्याण्णव वर्षांचे होऊन वारले. त्यावरून काही सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हेच तर त्यांनी शिकविले. माझ्या आजोबांवरून आणि वडिलांवरूनही होत नाही. वडील चालत गेले असते तर वाचले असते, असे मला कोणताही आकडा सांगू शकत नाही. आकडा समुदायाविषयी बोलतो, आणि दुःख एका माणसाचे असते. परंतु ‘पिंडच वेगळा’ म्हणून हात जोडून बसण्याचे कारणही आता उरले नाही. गेल्या पावसाळ्यानंतर मी स्कूटर घरी ठेवू लागलो. ओमतीचा नाला मागे टाकून घंटाघराच्या दिशेने चालू लागलो, की कधी कधी आजोबांच्या थैलीची आठवण होते. मग पाऊल आपोआप थोडे लांब पडते.