मराठवाड्यातील बुळकांडीचा शेवट

कंधारची लाल कंधारी आणि देवणीची देवणी हे दोन नामांकित गोवंश नांदेड व लातूर या जिल्ह्यांनी देशाला दिले. ते टिकले याचे श्रेय आपण पैदास करणाऱ्यांना देतो आणि ते रास्तच आहे. परंतु ज्या रोगाने असे वंशच्या वंश धुऊन नेले असते, त्याचा नायनाट कसा झाला हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही आज तो विषय घेतला आहे.

बुळकांडी लागली की जनावराला सणसणून ताप चढे, तोंडात व्रण पडत, डोळे गळत आणि दुर्गंधी जुलाब होऊन बहुधा आठ-दहा दिवसांत ते दगावे. गाई-म्हशींप्रमाणे शेळ्यामेंढ्यांना व डुकरांनाही तिची बाधा होई. ऐन पेरणीत बैलजोडी गेली की कुणब्याचे वर्ष बुडालेच. मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडणे हा साथीवरचा जुना उपाय. रोग मात्र जनावराच्या पायांनीच शीव ओलांडी.

पुण्यात १८८९ साली सरकारी प्रयोगशाळा निघाली. पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तेथे एडवर्ड्स यांनी १९२०नंतरच्या दशकात रोगाचे विष शेळ्यांतून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केले व त्याची लस सिद्ध केली. आपल्या देशी गुरांना ती मानवे आणि एका टोचणीने दीर्घकाळ संरक्षण मिळे.

केंद्राने १९५४ साली निर्मूलनाची योजना हाती घेतली, तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. लातूर तर १९८२पर्यंत उस्मानाबादचाच भाग होते. राज्ये बदलली तरी टोचणीचे काम एकच राहिले. शंभरांतील ऐंशी गुरे टोचावयाची, मग दरसाल नवी वासरे, असा बेत होता. देशातील साथी झपाट्याने ओसरल्या, पण दक्षिणेत रोगाने मूळ धरून ठेवले. बिलोली-देगलूर तेलंगणाला लागून, उदगीर-देवणी बिदरला लागून. शिवाय माळेगावच्या खंडोबाची यात्रा म्हणजे परमुलखातील जनावरांचा मोठाच बाजार! आमच्या मते अशा मुलखात दवाखान्यापेक्षा बाजारावरची नजर अधिक मोलाची होती.

१९९२पासून युरोपच्या साहाय्याने नवी मोहीम सुरू झाली. तिच्यातील सर्वांत कठीण निर्णय टोचणी थांबविण्याचा होता! टोचलेल्या जनावराच्या रक्तात रोगातून उठलेल्या जनावरासारखीच खूण सापडते. म्हणून टोचणी चालू असेतो रोग गेला हे सिद्धच करता येत नव्हते. मग गावोगाव हिंडून तोंड आलेल्या, जुलाब लागलेल्या जनावरांचा शोध सुरू झाला. ज्या शेतकऱ्याने बुळकांडीत गोठा रिकामा झालेला पाहिला, त्याला लस नको म्हणून सांगणे किती अवघड गेले असेल!

देशातील शेवटची बाधा १९९५ साली आढळली. २००६ साली भारत रोगसंसर्गमुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून समूळ घालविलेला हा दुसरा रोग. उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना तो आता पुस्तकातच भेटतो.